प्लास्टर मीच मागितलं

उजव्या हाताचं, करंगळीच्या मागचं हाड मोडलं ते नळावर घसरून. सासूबाई म्हणाल्या, "सावरगावात हाड बसवनारा आहे. लेप लावते, कामट्या बांधते." नवरा मात्र मला सौंसरहून पांढुर्ण्याला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाड थोडंच सरकलं होतं. प्लास्टर घातलं तरी जुळेल, म्हणाले, पण महिनाभर हात बांधलेला राहील, नंतरही बोटं काही दिवस आखडतील. ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू टाकले तर बोटं लवकर हलतील. "हलकं घरकाम लवकर करता येईल, ताई."

"मंग ऑपरेशनच करून टाका, साहेब. संत्र्याची तोड येऊन राहिली," असं म्हणून नवरा भावाला फोन लावायला बाहेर गेला.

तेवढ्यात मी म्हणाले, "प्लास्टर घाला."

"भीती वाटते?"

"हो."

भीती कसली! मला तो महिना हवा होता. नवरा परत आला तेव्हा हाताला प्लास्टर चढलं होतं; डॉक्टरांनीच ठरवलं असं तो समजला. लग्न होऊन आल्यापासून ताप असो की बाळंतपण जवळ आलेलं असो, भाकरी मीच थापल्या. तोडीला माणसं आली की परातीच्या पराती. त्या महिन्यात मी ओसरीवर बसून चहा गरम असताना प्यायले.

फुकट नाही प्यायले. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्या चुलीपुढं बसताना कण्हायच्या तेव्हा घास घशात अडकायचा. अडकायचा, आणि मी तो गिळायचे. हात लवकर सुटावा असं एकदाही मनात आलं नाही. नवरा हळूहळू भाकरी थापायला शिकला. जाड, एका बाजूनं करपलेली. मी मुकाट्यानं खायचे.

प्लास्टर निघालं, बोटं वळायला लागली, आणि एका शनिवारी सासूबाई काठी घेऊन निघाल्या. "तुया हात बरा झाला त् जामसांवलीले पायी येईन म्हनून बोलली होती मी मारुतीले. लय सोसलं वं तू."

त्या गुडघ्यांनी! आता मात्र तोंड बंद ठेवता येईना.

"पायी नका जाऊ, आई. ऑपरेशन केलं असतं त् हात लवकर मोकळा झाला असता. डॉक्टरले प्लास्टर मीच मागितलं. आराम पाह्यजे होता मले."

नवरा दाढी करत होता. तसाच फेसानं भरलेला बाहेर आला. "म्हंजे आमाले येडं बनवून राहिली होती तू?"

"हाव."

सासूबाई पायरीवर टेकल्या. काठी भिंतीला लावली. "तवाच सांगायचं ना वं," म्हणाल्या. "मीबी एखादं प्लास्टर बांधून घेतलं असतं."

नवऱ्याला हसू आलं नाही. "आता त् हात बरा झाला ना? मंग झालं. लाग कामाले."

"संध्याकाळच्या भाकरी तुमच्याकडंच राहतील," मी म्हणाले.

"अन् हे कायच्यासाठी?"

"तवा हात मोडला होता म्हनून खोटं बोलली. आता बरा आहे, म्हनून खरं सांगून राहिली: आराम अजूनबी पाह्यजे."