साहेबांच्या भेटीची सूचना

कुंभकोणमहून नाचियार्कोविलला जाणाऱ्या बसमध्ये रोज शेजारी एक टीचर बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, दातांत लाल पेन. गुण मात्र बस थांबली की मगच द्यायच्या; खड्ड्यात हात हलून कुणावर अन्याय नको!

वरून हुकूम आला होता. गोष्ट, पत्र, सूचना, जाहिरात, मुलांना मजकुराचे सगळे प्रकार लिहिता आलेच पाहिजेत, आणि शिक्षण खात्याचे साहेब स्वतः शाळेत येऊन वह्या तपासणार. टीचरनी चौथीला साहेबांच्या भेटीचीच सूचना लिहायला दिली. आमच्या गावात भिंतीभिंतीवर श्रद्धांजलीची पोस्टरं. एका मुलीने तोच नमुना उचलला. वर साहेबांचं चित्र, त्याला हार, खाली भेटीचा दिवस, वेळ आणि शेवटी 'शोकाकुल: इयत्ता चौथी'.

"टीचर, पान फाडा. नोकरी जाईल," मी म्हणालो.

"का? दिवस, वेळ, ठिकाण, सगळं बिनचूक आहे. साहेब जिवंत आहेत, ही काय तिची चूक?" बस थांबली. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

तपासणीनंतर त्यांनी मला तेच पान उघडून दाखवलं. शोकाकुल चौथीच्या खाली साहेबांनी झोकदार सही ठोकली होती: 'वाचले. समाधानकारक.'