दारातच काढायचे बूट

धावायला निघण्याआधी आर्मस पायरीवर उभा राहून कान द्यायचा. टाचेखाली बर्फ कोरडा करकरला, की साध्या बुटांवरून लोकरीचे मोजे चढवायचे. कोरड्या बर्फावर लोकर पकड सोडत नाही. टाच नुसतीच टणक वाजली, तर बर्फ वितळून पुन्हा गोठलाय. मग खिळ्यांचे बूट.

हे त्याला ताइमीनं शिकवलं. लग्नाआधी दोघं केमियार्वीच्या गोठलेल्या तळ्यावर नुसत्या लोकरी मोज्यांनी धावायची. ती कायम पुढे असायची.

"तुझे मोजे मीच मुद्दाम सैल विणलेत," ती मागे वळून म्हणायची.

आता ताइमी तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. आर्मसचं नाव तिला कधी आठवे, कधी नाही. पण सकाळच्या कॉफीला समोर लाल नाकाचा, धापा टाकणारा माणूस हवा, हे पक्कं होतं. तो नसला की कप तसाच राही, वेलदोड्याचा पावही.

मार्चमधल्या एका सकाळी टाच टणक वाजली. आर्मस खिळ्यांच्या बुटांनी तळं पार करून आला, आश्रमाचं दार ढकललं, आत पाऊल टाकलं. गुळगुळीत फरशीवर खिळे सरकले. मनगट मोडलं.

ओउलूहून लेक आली, मर्युत.

"अख्खं तळं धावून आलात, बाबा, आणि पडलात कुठे, तर पायपुसण्यावर."

"पायपुसण्याच्या जरा पुढे."

तिनं खिळ्यांचे बूट गाडीच्या डिकीत टाकले. "धावणं बंद. रविवारी टॅक्सीनं जात जा."

"आणि सोमवारी तुझी आई कॉफी कुणाबरोबर पिणार?"

"पुन्हा पडलात तर तिच्या शेजारच्या खाटेवर झोपाल."

"मग तर रोजचीच सोय झाली."

मर्युत हसली नाही. तिचं चुकत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीनं गेली. ताइमीनं प्लास्टरकडे पाहिलं.

"बाबा फरशीवर घसरले, आई. खिळ्यांच्या बुटांनी."

"फरशीवर? बूट घालून घरात आला?" ताइमी आर्मसकडे वळली. "दारात बूट काढायचा बाक कशाला ठेवलाय रे? लाज नाही वाटत?"

स्वतःच्या घरात आर्मस जन्मात कधी बूट घालून पायपुसणं ओलांडून गेला नव्हता. इथे रोज जात होता. इथे कुणीच काढत नसे. अशा दवाखान्यासारख्या जागी कोण काढतं? ताइमी याला घर समजते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मर्युतनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. उठून दाराशी गेली, बूट काढून मोज्यांनी परत आली. आर्मसही गेला. एका हातानं नाडी सुटेना, तेव्हा तिनं वाकून सोडून दिली.

"हं," ताइमी म्हणाली. "आता बसा. कॉफी निवतेय."

संध्याकाळी मर्युतनं डिकी उघडली आणि खिळ्यांचे बूट त्याच्या पायरीवर ठेवले.

"प्लास्टर निघेपर्यंत चालत. काठाच्या रस्त्यानं. आणि तिथं गेल्यावर..."

"दारातच काढीन."

सकाळी आर्मस पायरीवर आला. टाच टेकवली. करकरलं. त्यानं लोकरीचे मोजे घेतले, ते सैल विणलेले.