डावीकडची खुर्ची

लीडर गाणं सुरू करताना लोकांकडे पाठ करायचा. समोर मैदान भरलेलं असलं तरी हा गिटार छातीशी धरून माझ्याकडे तोंड करून उभा. मी मागे ड्रमवर. मी काठ्या एकमेकींवर चारदा मारल्या की तो गर्रकन वळायचा, केस उडवायचा आणि शिट्ट्या सुरू. चार ठोके माझे, शिट्ट्या त्याला.

नाव होतं त्याला, पण नाशिक रोडला सगळे लीडरच म्हणायचे. तो सरकारी कचेरीत कारकून, मी सातपूरला कारखान्यात लेथ मशीनवर. माझं शिक्षण चौथी. मिरवणुकीत ताशा वाजवता वाजवता मी ड्रमवर आलो. नव्वदच्या आसपास आम्ही चौघांनी बँड काढला. कोणी ऑर्केस्ट्रा म्हटलं की लीडर चिडायचा. "ऑर्केस्ट्रा लग्नात वाजतो. आपण रॉक वाजवतो." आणि पुढच्याच रविवारी आम्ही लग्नात वाजवत असू.

माझ्या घरी आला की लीडर सरळ स्वयंपाकघरात. पातेल्यावरचं झाकण उचलून म्हणायचा, "वहिनी, भाऊला एवढं चांगलं खायला घालता, तरी ह्याचं तोंड असं का?" माझी बायको सुमन खळखळून हसायची. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली नाही. मी हसण्यासारखं काही बोलायचो नाही, ते वेगळं.

सुमन आमच्या प्रत्येक प्रोग्रामला यायची. तिला दुसरं कुठं जाणं नव्हतं. आणि बसायची नेहमी पहिल्या रांगेत, डावीकडच्या टोकाच्या खुर्चीवर. तिथंच लीडरचा मोठा स्पीकर. त्या आवाजात दुसरं कोणी टिकत नसे. ही घरून वातींचा कापूस आणून दोन्ही कानांत घालायची आणि बसायची. मी म्हणायचो, "मधे बस की." म्हणायची, "इथंच बरं आहे मला." वाजवताना लीडर त्याच बाजूला झुकायचा. मला काय समजायचं ते समजलं. कान फुटले तरी चालतील, पण ह्याच्याजवळ बसायचं.

सात-आठ वर्षं सोसलं. मग एक दिवस सांगून टाकलं, माझा खांदा गेला, आता ड्रम होत नाही. खांद्याला काही झालेलं नव्हतं. लीडर म्हणाला, "भाऊ, तू नाय तर बँड नाय." मला वाटलं, नाटक करतोय. पण खरंच त्याने दुसरा ड्रमवाला घेतला नाही. बँड बंद पडला. सुमनने एका शब्दाने विचारलं नाही. कितीतरी महिने रोज त्या धडधाकट खांद्याला तेल चोळत राहिली. मी चोळून घेत राहिलो.

पुढे सुमन गेली. पोटाचं दुखणं होतं, महिनाभरात सगळं आटोपलं. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी लीडर दारात उभा. केस विरळ झालेले, त्यांना कलप.

"परत वाजवायचं. नाशिक रोड, इगतपुरी, दिंडोरी. टूर काढू."

"माझा खांदा..."

"खांद्याला काय झालं नव्हतं. ऊठ."

नाशिक रोडच्या हॉलमध्ये मी ड्रम लावत होतो. बघतो तर लीडर स्वतः एक खुर्ची उचलून डाव्या कोपऱ्यात ठेवतोय. वर रुमाल टाकला, कोणी बसू नये म्हणून.

"कोणासाठी ती?"

"वहिनींची जागा."

माझं डोकं फिरलं. "माझ्या बायकोची खुर्ची तू मांडणार?"

तो गिटारची तार पिळत राहिला. "मी मधे उभा राहायचो, भाऊ. माझ्या आड तू कोणाला दिसायचा नाहीस. फक्त त्या कोपऱ्यातून दिसायचास. पहिल्याच प्रोग्रामला वहिनी मला म्हणाल्या, हे तिथूनच दिसतात, एक खुर्ची तिथं ठेवत जा." मग माझ्याकडे बघितलं. "आणि मला ऐकायला आलेलं माणूस कानात कापूस घालेल काय रे?"

त्या दिवशी पहिल्या गाण्याला माझा हात उठेना. लीडर लोकांकडे पाठ करून उभा होता, माझ्या काठ्यांकडे बघत. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. तो हलला नाही. चार ठोके पडले तेव्हाच वळला.

लीडर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माणूस चांगला होता, लिहून ठेवतो. पण एक गोष्ट मला अजून सोसत नाही. कोपऱ्यात का बसते, हे सुमनने त्याला सांगितलं. मला नाही.

त्या टूरचा शेवटचा प्रोग्राम दिंडोरीला होता, द्राक्षांच्या मळ्यात. मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी पोहोचलो. खुर्ची मी मांडली, रुमाल माझा टाकला. लीडर आला, खुर्चीमागे उभा राहून माझ्या ड्रमकडे बघितलं आणि ती वीतभर डावीकडे सरकवली.

"तिथून नसतास दिसला, भाऊ."

मी ती परत हलवली नाही.