कात्री लावूनही उरलेला उजेड

वलगावच्या देवमन इंगळे यांची थोरली लेक ज्योत्स्ना अमरावतीला साखरेवर संशोधन करते, हे गावात कळलं आणि लोक देवमनकडे आपले शुगरचे रिपोर्ट घेऊन येऊ लागले. ती माहेरी आली तेव्हा देवमननी विचारलंच, "पोरी, तुयी साखर शुगरवाल्याले चालते का?"

"बाबा, ते खायाची नाही. पेशी आपल्या प्रथिनांवर साखर लावत असते. आमी तिले बारीक आकडा लावलेली साखर देतो. मंग त्या आकड्यात चमकनारा रंग अडकवला का जित्या पेशीत प्रथिन कुठी आहे, ते दिसते."

"म्हन्जे बैल वयखू यावा म्हनून शिंगाले रंग लावतो, तसंच?"

"तसंच समजा," ती हसून म्हणाली.

ज्योत्स्नाच्या पेशी झकास उजळत होत्या. फोटो पाहून तिच्या मार्गदर्शक दामिनी मॅडमनी अकोल्याच्या परिषदेत तिचं भाषण ठरवलं. जायच्या आधी तिनं आणखी एक तपासणी करायला घेतली. पेशीच्या बाहेरच्या अंगावरची ही साखर कात्रीसारखी कापणारं एक एन्झाइम असतं. साखर कापली की उजेड जायला हवा. तो जरासा मंदावला, गेला नाही. नवीन एन्झाइम आणून पुन्हा केलं, तरी तेच.

ती वाचत बसली आणि कारण सापडलं. साखर पेशीत सहज शिरावी म्हणून तिच्यावर रासायनिक आवरण चढवलेलं असतं. त्या आवरणामुळे साखर पेशीनं न लावताच, आपली आपण, भलत्या प्रथिनांना चिकटत होती आणि अशी चिकटलेली साखर त्या कात्रीला कापता येत नव्हती.

अमरावतीत राजापेठेतल्या घरी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "दोन वर्षं मी भलताच उजेड पाहून राहिली होती."

संघपाल ट्यूशन क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. "सगळाच भलता?"

"किती खरा, तेच तर समजून नाही राहिलं." ताटातली भाकरी तिनं तशीच ठेवली.

दामिनी मॅडमनी कात्रीनंतरचे फोटो बराच वेळ न्याहाळले. त्यांचं नावही या कामाला जोडलेलं होतं. "भाषण रद्द करायचं का?"

"नको मॅडम. कात्रीच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो दाखवते."

"दाखव. मी पुढच्याच रांगेत बसते."

अकोल्यात तिनं दोन्ही दाखवले. सभागृहात कुजबुज झाली. एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले, "म्हणजे तुमचं आधीचं काम बाद?"

"काही भाग बाद होईल, सर. कोणता, ते शोधून राहिली आहे." अशा वेळी तिच्या तोंडी वऱ्हाडीच यायची.

चहाच्या वेळी एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी पण हीच साखर वापरते. कात्री कधी लावली नाही."

परतल्यावर ज्योत्स्नानं आवरण नसलेली साखर घेतली. ती पेशीत कमी शिरते, म्हणून जास्त द्यावी लागली. उजेड फिका आला. कात्री लावल्यावर मात्र डिशमध्ये जवळजवळ अंधार झाला. त्या अंधाराचा फोटो तिनं सगळ्यात आधी मॅडमना पाठवला.

प्रबंध वर्षभर लांबला. साखर लागते म्हणून तिनं आधी केलेल्या यादीतली निम्म्याहून अधिक प्रथिनं गळाली. उरलेल्यांवर तिचं काम अजून चालू आहे. वलगावात शुगरचे रिपोर्ट येणं काही थांबलेलं नाही. देवमन त्या लोकांना सरळ सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवतात.