जिन्याखालचं कपाट

सिरिल पॉम्फ्रेटने फॉर्मवर 'आयुष्य संपले' असं लिहिलं ते घर तापवणाऱ्या यंत्राबद्दल, आणि तेही धडधडीत खोटं. यंत्र चांगलं चार-पाच हिवाळे ओढणारं होतं.

पण ही यंत्रं दुरुस्त करण्याच्या सव्वीस वर्षांच्या धंद्यात सिरिल एवढं शिकला होता की 'बरे चालले आहे' असं लिहिलं, तर नगरपालिकेचं हौसिंग ऑफिस त्या घराकडे ढुंकून बघत नाही. 'आयुष्य संपले' लिहिलं की ते घाबरतात, आणि दोन महिन्यांनी निदान पंख्याची मोटर तरी पाठवतात. सगळे असंच लिहायचे. 'सगळे' म्हणजे आता एकटा सिरिलच. बाकीचे एकतर रिटायर झाले होते, नाहीतर पाण्याचे बॉयलर बसवायला लागले होते. त्या वर्षी ऑफिसने नियम बदलला होता आणि तसं पत्रही सिरिलला धाडलं होतं. ते व्हॅनमध्ये चिप्सच्या कागदांखाली दोन आठवडे पडून होतं, न फोडलेलं.

हेदर क्लोजमधली चाळीसच्या चाळीस घरं सदुसष्ट साली गरम हवेवर बांधलेली. जिन्याखालच्या कपाटात यंत्र. ते गॅसवर हवा तापवणार आणि पंखा ती पत्र्याच्या बोगद्यांतून प्रत्येक खोलीत ढकलणार. खोलीत दिसायची ती नुसती एक जाळी. सिरिलला यावर बोलतं करणं सोपं होतं, गप्प करणं अवघड. दहा मिनिटांत घर ऊबदार. पाणी नाही, म्हणजे गळती नाही. भिंती मोकळ्या, सोफा हवा तिथे ठेवा. लोक तो नेमका जाळीवर ठेवायचे आणि दर जानेवारीत सिरिलला बोलवून म्हणायचे, "पुढची खोली तापतच नाही हो." अवगुणही तो लपवत नसे. घसा कोरडा पडतो, धूळ घरभर फिरते, आणि सकाळी खाली मासे तळले की रात्री उशीला वास येतो. शिवाय वरच्या खोलीतलं भांडण खाली स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू येतं. "बायकांना ते गुणात धरायचं की अवगुणात, हे अजून ठरवता आलेलं नाही," असं तो म्हणायचा.

एनिड क्रॉशॉने ते केव्हाच ठरवलं होतं. तिचा नवरा स्टॅन्ली तीस वर्षं सूतगिरणीत होता, आणि ते सूत आता त्याच्या छातीत बसलं होतं. वरच्या मागच्या खोलीत तो दोन वर्षं पडून होता. त्याच्या पलंगाशेजारची जाळी आणि स्वयंपाकघरातली जाळी एकाच बोगद्यावर. पंखा थांबला की त्याचा श्वास खाली यायचा, घरघर करत, मधूनच अडखळत. एनिड तो ऐकत बटाटे सोलायची.

"जाड सोलतेयस, एनिड," वरून आवाज यायचा.

"तुला दिसल्यासारखा बोलू नकोस."

"आवाजावरून कळतं. निम्मा बटाटा टोपलीत चाललाय."

ऑक्टोबरमध्ये पंख्याची मोटर कण्हायला लागली. पंखा बंद केला तरी ती पाव तास कुरकुरायची, आणि त्या कुरकुरीत स्टॅन्लीचा श्वास बुडायचा. म्हणून तिने सिरिलला बोलावलं.

"मला एवढंच हवंय, सिरिल," ती चहा ओतत म्हणाली. "पंखा थांबला की खरंच थांबायला हवा. तो वर आहे की नाही हे मला कळलं पाहिजे."

"नवी मोटर मागवतो, मिसेस क्रॉशॉ. जुन्यात आता हात घालण्यात अर्थ नाही." त्याने पार्किन केकचा दुसरा तुकडा उचलला. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दोन पट्ट्या वाकल्या होत्या. तीही काढून त्याने काखेत मारली. "ही सरळ करून पुढच्या आठवड्यात आणतो."

मग व्हॅनमध्ये बसून त्याने ते दोन शब्द लिहिले.

मोटर आली नाही. नोव्हेंबरात पत्र आलं: नव्या नियमाप्रमाणे ज्या घरांतली यंत्रं संपली, तिथे आधी गरम पाण्याचे रेडिएटर बसतील. पहिल्या यादीत पहिलं घर क्रॉशॉंचं.

सिरिल त्याच दिवशी ऑफिसात गेला. टेबलापलीकडे ड्युहर्स्ट नावाचा तरुण साहेब होता, चांगल्या स्वभावाचा. अडचण तीच होती.

"अहो, तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलं. पण ते तसं नाहीये."

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

हे खोटं म्हटलं, तर सव्वीस वर्षांचे फॉर्म बाहेर निघणार होते. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

"जरा... जास्त लिहिलं गेलं," तो म्हणाला.

"हे बघा, त्या गृहस्थांची छाती खराब आहे. ती धूळ, ती कोरडी हवा. रेडिएटर त्यांच्यासाठी चांगलाच. डॉक्टरांनाही विचारलंय मी."

हे खरं होतं. एनिड स्वतःच स्टॅन्लीच्या जाळीवर ओला टॉवेल टाकायची. श्वास ऐकू येणं हा गुण कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नव्हता.

चार दिवसांत काम उरकलं. बोगद्यांत काचेच्या धाग्यांची लोकर कोंबली आणि जाळ्यांच्या जागी फळ्या ठोकल्या. जाताना बसवणाऱ्याने बजावलं, "दारं लावून ठेवा बाई, नाहीतर ऊब जिन्यावरून पळते." त्यांच्या मुलीने लहान मुलांच्या खोलीत ठेवतात तो, खालपर्यंत आवाज पोचवणारा डबा आणून दिला. "मी काय पाळण्यात आहे?" म्हणत स्टॅन्लीने तो पलंगाखाली ढकलला. घंटी दिली, तर हात थरथरायचा आणि उगाचच वाजत राहायची. तिसऱ्यांदा धावत वर आलेल्या बायकोला बघून त्याने तीही खिडकीत ठेवून दिली.

खोली मात्र छान तापायची. खोकलाही कमी झाला होता. हे एनिडने ड्युहर्स्टला फोन करून सांगितलंसुद्धा.

जानेवारीतल्या एका दुपारी ती खाली मटण-बटाट्याचा हॉटपॉट रांधत होती. दार लावलेलं, वरचंही लावलेलं. स्टॅन्ली घंटी घ्यायला उठला असावा. पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये तो अडीच तास पडून होता. त्याने हाक मारली का, किती वेळा मारली, हे कुणालाच सांगता येणार नाही. चार वाजता ती चहा घेऊन वर गेली.

तो वाचला, पण अर्धांगाच्या झटक्याने बोलणं गेलं. हॉस्पिटलने सांगितलं की आता घरी नेता येणार नाही, वृद्धाश्रमात जागा बघा.

फेब्रुवारीत सिरिल गेला, काही काम नसताना. एनिडने चहा दिला, पार्किन दिला. ठोकलेल्या फळीशेजारी तिची खुर्ची तशीच होती. बटाटे एकाच माणसापुरते, आणि सालं पातळ.

"घर गरम आहे की नाही बघ," ती म्हणाली. "पाण्याचा खर्चही नाही म्हणे, तेच पाणी फिरतं."

"मिसेस क्रॉशॉ, त्या फॉर्मवर मी..."

"माहितीय. ड्युहर्स्ट बोलला. तुझ्या अक्षरात आहे म्हणाला." तिने सुरी खाली ठेवली नाही. "मोटरसाठीच लिहिलंस ना?"

"हो."

"मग झालं." ती फळीकडे वळली. "माझी जाळी कुठाय?"

"सरळ झालीय. गाडीतच आहे."

"आणून दे. माझी आहे ती."

सिरिल बाहेर गेला आणि व्हॅनचं मागचं दार उघडलं. जाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पांढरा रंगसुद्धा दिला होता त्याने. ती हातात घेऊन तो उभा राहिला. ती फळीवर टेकवून बाई तिथे कान लावून बसेल, हे त्याला लख्ख दिसलं. त्याने जाळी परत ठेवली.

"घरी राहिली वाटतं," तो दारातूनच म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आणतो."

"ऑक्टोबरातही हेच म्हणाला होतास," एनिड म्हणाली, आणि ऊब जाऊ नये म्हणून तिने दार लावून घेतलं.

जाळी अजून व्हॅनमध्येच आहे. वळणावर वाजते.