गोदामातली एकोणपन्नासावी जागा

अकोल्याच्या कापूस बाजारात देवराव तायडे तीन हंगाम गाड्या लावायला होता. गाड्या लावणे म्हणजे काय, हे ज्याने दिवाळीनंतरचा तो बाजार पाहिला नाही त्याला सांगून कळायचे नाही. कापसाने फुगलेल्या बैलगाड्या सकाळपासून आवारात शिरत, बैल सुटत आणि चाकाला चाक लागेल इतक्या दाटीने गाड्या उभ्या राहत. नेमका मधल्या गाडीचा कापूस आधी विकला जाई आणि तिचा मालक कपाळाला हात लावून बसे. मग देवरावला हाका सुरू होत. तो निवांत येई. कडेला राखून ठेवलेल्या एका रिकाम्या जागेत शेजारची गाडी ढकलायला लावी, तिच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी तिसरी, असे करत मधली गाडी फाटकाशी आणून उभी करी. त्या रिकाम्या जागेत गाडी घुसवू पाहणाऱ्या भल्याभल्या देशमुखांशी तो भांडला होता.

भांडायची हिंमत तशी नवीच होती. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन तो गावी परतला आणि पाटलाच्या ओट्यासमोर ताठ उभा राहून सांगून आला, की मेलेली ढोरं ओढणं आणि मयताचे सांगावे घेऊन कोसकोस पळणं आजपासून बंद. पाटील रागावले नाहीत. हसले. म्हणाले, "जाय, चार दिवस हिंडून ये. तुयी जागा रिकामीच राहीन इथं." शिवी दिली असती तर देवराव विसरला असता. ते हसणे मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. काहीही झाले तरी त्या जागेवर परत जायचे नाही, एवढे एकच त्याने ठरवून टाकले होते.

साठ साली तो बायको इंदूबाईसह अमरावतीला आला आणि बियाण्याच्या सरकारी गोदामात हमाल म्हणून लागला. हंगामी. हंगामी माणसाला पोट मात्र बारमाही असते, याची नोंद सरकारदरबारी कुठेच नसे. गोदाम सांभाळणारे केशवराव मनाने चांगले होते. थोडे दिखाऊ, पण चांगले. त्यांनी एकदा देवरावला बोलावून स्पष्टच सांगितले, "हे बघ, हमालाची एक जागा कायम होणार आहे. यंदाच्या तपासणीत आपलं नाव झालं तर ती तुझी. नाही झालं, तर गोदामच बंद करून सगळं बियाणं अकोल्याला नेणार आहेत. मग तू गावाकडे मोकळा."

अकोल्याच्या बाजारातली त्याची जागा एव्हाना दुसऱ्याने धरली होती. बाकी काहीही चालले असते, गावाकडे मोकळा होणे तेवढे चालणार नव्हते.

नाव व्हावे अशी गोदामाची अवस्था नव्हतीच. ज्वारी, तूर, सरकी, आणि प्रत्येकाचे निरनिराळे वाण. पोत्यांच्या थप्प्या लावायच्या तर मधून माणसाला वाट हवी, आणि वाटांनीच अर्धे गोदाम खाल्ले होते. वाटा बुजवल्या तर जास्त माल बसे, पण आतले पोते काढायला बाहेरची शंभर उचलावी लागत. पेरणीच्या तोंडावर परतवाड्याचा माणूस येऊन मधलेच वाण मागे आणि हमालांच्या पाठीचे पार भुस्कट होई.

"साहेब, तुमी पोतं कावून उचलून राहिले?" देवराव एक दिवस केशवरावांना म्हणाला. "थप्पीच चालवा ना. बाजारात आमी गाड्या चालवत होतो तशी."

केशवरावांना आधी हसू आले, मग झोप येईना. शेवटी त्यांनी हरिहर सुताराला कामाला लावले. त्याने अठ्ठेचाळीस बुटके लाकडी गाडे केले. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका बंद पडलेल्या प्रेसच्या भंगारातून कुठल्याही बाजूला वळणारी लोखंडी चाके मिळाली. एका गाड्यावर बारा पोती. गोदामाच्या फरशीवर सात रांगा, रांगेत सात घरे. अठ्ठेचाळीस घरांत गाडे आणि दाराजवळचे एकोणपन्नासावे घर रिकामे. मध्ये वाट म्हणून नाही. कुठलाही गाडा हवा असला की त्या रिकाम्या घरात शेजारचा सरकवायचा, मग त्याच्या घरात पुढचा, आणि हवा तो गाडा हळूहळू दाराशी आणायचा.

कोणता गाडा आधी सरकवायचा हे ठरवायला डोके लागे. देवरावने घरी अंगणात कोळशाने सात-सात घरे आखली आणि चिंचोके मांडून सराव सुरू केला. इंदूबाईने दोन दिवस ते पाहिले, तिसऱ्या दिवशी भाकरीचे पीठ झटकून शेजारी बसली आणि त्याच्यापेक्षा चार चाली कमी करून मधला चिंचोका काढून दाखवला. "तुमी एकच चिंचोका ओढत बसता," ती म्हणाली. "त्याच्या पुढची जागा आधी मोकळी करा ना." देवरावने मुकाट्याने तिची पद्धत उचलली. हे त्याने पुढे कुणालाही, अगदी केशवरावांनाही, अभिमानाने सांगितले.

तपासणीचा दिवस उजाडला. वरचे साहेब आले. उंच, घड्याळाकडे सारखे बघणारे. त्यांनी भरगच्च गोदाम पाहिले, मान डोलावली आणि यादीवर बोट ठेवले. "चौथ्या रांगेतली ती तूर काढून दाखवा."

देवराव आणि त्याचा जोडीदार पुढे झाले. देवराव रिकाम्या घराकडे वळला आणि थांबला. रिकामे घर नव्हतेच. दाराजवळच्या त्या घरात सरकीने भरलेला एक नवाकोरा गाडा उभा होता. एकोणपन्नासावा. त्याने उगाच एक धक्का देऊन पाहिला. गाड्याला गाडा भिडलेला, काही हलेना.

"काय झालं?" साहेब म्हणाले. मग घड्याळ, मग एक सुस्कारा. "केशवराव, यापेक्षा जुन्या थप्प्या बऱ्या होत्या की. निदान माणूस आत जात होता." त्यांनी वहीत लिहायला पेन उघडले.

देवरावच्या डोळ्यांसमोर पाटलाचा ओटा उभा राहिला. तरी तो म्हणाला, "साहेब, अर्धा घंटा द्या. मंग लिवा काय लिवायचं थे."

उत्तराची वाट न बघता त्याने पहिले पोते पाठीवर घेतले. दाराला उंच उंबरठा होता, गाडा त्यावरून जात नसे. म्हणून बाराही पोती दोघांनी बाहेर ओट्यावर नेली आणि मग रिकामा गाडा चारी हातांनी उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवला. घर मोकळे झाले. तिथून पुढे देवरावने घाई केली नाही. एक सरकवला, दुसरा, तिसरा. इंदूबाईची चाल. चाके कुरकुरत होती आणि चौथ्या रांगेतली तूर एकेक घर पुढे येत होती. पाव तासात ती दाराशी उभी राहिली. बाकी एकाही गाड्यावरचे पोते कुणी उचलले नव्हते.

साहेबांनी उघडलेले पेन बंद केले. "मग आधी का अडलं?"

देवरावला कळले होते, पण वरिष्ठाचे नाव कसे घेणार? केशवरावांचा चेहरा पडला. ते म्हणाले असते की हमालाची चूक, तर कुणी विचारायला येणार नव्हते. पण ते पुढे आले. "चूक माझी साहेब. तपासणीत रिकामी जागा बरी दिसणार नाही म्हणून मीच हा जादा गाडा करवून घेतला आणि आज सकाळी हा यायच्या आत भरून तिथे ठेववला. याला विचारलंसुद्धा नाही."

"एक जागा वाया जाते, हे मात्र खरं," साहेब म्हणाले.

"वाया कुठं जाते जी?" देवराव न राहवून बोलला. "बाकीचे अठ्ठेचाळीस नुसते उभे हायेत. काम तर थेच जागा करून राहिली."

साहेब पहिल्यांदा हसले, आणि ते हसणे पाटलासारखे नव्हते. वहीत त्यांनी काय लिहिले ते महिन्याभराने आले. गोदाम चालू राहणार होते, देवराव तायडे कायम झाला होता, आणि दाराजवळच्या फरशीवर पांढऱ्या रंगात चौकट आखून त्यात लिहायचा हुकूम होता: ही जागा भरू नये. ती अक्षरे इंदूबाईने येऊन पाहिली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून देवरावने दोनदा वाचून दाखवली आणि दुसऱ्यांदा वाचताना तो रडला.

तीन-चार वर्षांनी एका लग्नासाठी तो गावी गेला. तोवर त्याच्यामागे धाकटा भाऊ अकोल्याच्या गिरणीत लागला होता, त्याच्यामागे चुलतभाऊ रेल्वेत, आणि दोन पुतण्या शाळेत जात होत्या. पाटील आता थकले होते, पण ओट्यावर तेच होते.

"देवराव, तुयी जागा अजून रिकामीच हाये बे," ते म्हणाले.

"राहू द्या, पाटील," देवराव म्हणाला. "थे रिकामी झाली म्हनूनच आमी सारे हललो."

आणि अमरावतीच्या मोटारीची वेळ झाली म्हणून तो निघाला.