हाना म्हणजे एक

धाकूची लाथ बरोबर बसली. चुकला तो कान.

१९८९चा महाराष्ट्र दिन. डोंबिवलीतल्या एका शाळेच्या पटांगणात दोन कोरियन क्लासांची एकत्र प्रात्यक्षिकं ठेवलेली. एक तानाजी सरांचा तायक्वांदो, दुसरा चांगदेव सरांचा तांग सू डो. जोडीने समोरासमोर उभं राहायचं, माइकवरून आकडा आला की हातपाय चालवायचे, पण अंगाला लावायचे नाहीत. चांगदेव सर ओरडले, "हाना!" कोरियनमध्ये हाना म्हणजे एक. धाकू मात्र मोठागावच्या खाडीकाठचा कोळी. त्याच्या घरात ण हे अक्षर कधी राहायलाच आलं नव्हतं, त्यामुळे तिथे हाणायचं असलं तरी 'हाना'च म्हणत. तानाजी सरांच्या क्लासात हा आकडा त्याने हजारदा ऐकलेला. पण त्या दिवशी मागून गाववाले चेकाळलेले, आणि ऐन वेळी कान घरी गेला. त्याने हाणली. समोर पोपट होता, चांगदेव सरांचा सख्खा मेहुणा. चिखलातून होडी ढकलून कमावलेला पाय तो. पोपटचं नाक खरोखरचं वाकडं झालं.

दोन्ही सर एकाच गुरूचे चेले. पूर्वी एका डब्यात जेवायचे, आता एका फुटपाथवरून चालत नसत. नाकाने त्यांना भांडायला नवं काम दिलं.

तानाजी सरांनी धाकूला बोलावलं. "मुद्दाम मारली म्हणायचं. तायक्वांदोची लाथ काय असते, कळू दे त्यांना. म्हणालास तर ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसशील, नाहीतर बस होडीत."

"पन सर, मी हाना ऐकलं ना..."

"पन नाही, पण! आधी ण म्हणायला शीक, मग बेल्ट माग."

बेल्ट तर त्याला हवाच होता. रंगाच्या कारखान्यात दिवसभर पिंपं लोटणाऱ्या धाकूला गावदेवीसमोर स्वतःचा क्लास काढायचा होता, आणि पट्ट्याशिवाय त्याला सर म्हणणार कोण?

हौसाबाईने, म्हणजे त्याच्या आईने, मासे साफ करता करता निकाल दिला. "तो हाना बोलला, तू हानलंस. मंग चुकलं कुनाचं?"

चांगदेव सरांनी त्याला रिक्षा स्टँडवर गाठलं. "पोपटला सॉरी बोल आणि आमच्यात ये. तायक्वांदो कालचं पोर रे! ते नाव पडायच्या आधी कोरियातले कितीतरी मास्तर आपल्या विद्येला तांग सू डोच म्हणायचे."

धाकू बघायला गेला. तोच पवित्रा, तोच खालचा ब्लॉक, तेच आकडे. शिव्यासुद्धा त्याच. त्याने विचारलं, "सर, हे जुने मास्तर शिकले कुठं?"

"बरेच जण जपानात," सर आवाज उतरवून म्हणाले.

"काय शिकले?"

"कराटे."

"मंग तुमी दोघं भांडता कनाला?"

"सॉरी बोलायला आलायस की अक्कल शिकवायला? चल, निघ!"

परीक्षेच्या सकाळी तानाजी सरांनी सगळ्या पालकांसमोर विचारलं, "धाकू, सांग. मुद्दाम मारलीस ना?"

धाकूने पालकांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "नाय सर. आमच्यात हाना म्हनजे हाना."

पटांगण खो खो हसलं. त्याला कोण हसलं आणि सरांना कोण, हे सरांना ठरवता येईना. "पट्टा सोड," ते म्हणाले. धाकूने लाल पट्टा सोडला, सरांच्या पायाशी टाकला आणि निघाला.

पट्टा देणारं दुसरं दार डोंबिवलीत एकच होतं. चांगदेव सरांनी त्याला घेतलं, कारण तानाजीचा माणूस फुटला हे सांगत फिरण्यात मजा होती. मात्र पांढऱ्या पट्ट्यापासून. वर पहिल्याच दिवशी कळलं की इथे शेवटी काळा पट्टा नसतोच, गडद निळा मिळतो.

पोपट तिथे सीनियर. रोज त्याच्यापुढे वाकावं लागे.

"सॉरी बोल."

धाकू वाकायचा, बोलायचा नाही.

"अरे ए हाना, सॉरी कोण बोलणार, तुझा बाप?"

असं विचारल्यावर कोण बोलेल? पुढे धाकू निळ्या पट्ट्यापर्यंत पोचला, गावदेवीसमोर त्याचा क्लासही उभा राहिला. पोपटचं सॉरी तेवढं अजून बाकी आहे.